वारस नोंद

गार्ड लायनेल एकोणऐंशीत पर्थला गेला
तेव्हा भुसावळच्या त्याच्या क्वार्टरच्या ओट्यावर
बासष्ट रेकॉर्डी होत्या आणि आम्ही दोघे.
चिठ्ठ्या टाकून वाटणी केली.
रुबाब तडवीला दणदणीत माल गेला, मला गोड.
तेव्हापासूनचं भांडण आहे.

आता दोघेही पेन्शनीत.
मी तलाठी होतो, आधी सावदा, मग रावेर;
तो लोको शेडमध्ये फिटर,
डावा कान तिथेच ठेवून आला.
मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीला,
आम्ही कूलर बंद करतो,
कारण कूलर बेस गिटारच्या अंगावर बसतो.
बायको म्हणते, भरीत होईल तुमचं.

छत्तीस वर्षं मी मेलेल्यांची नावं कमी केली
आणि जिवंतांची लावली.
वारसा म्हटलं की मला रकानेच दिसतात.

बीटल्स : चार सहहिस्सेदार, खातं सामाईक.
भांडले, सरस-निरस मानाने वाटप झालं,
तरी पीक अजून एकाच नावावर निघतं,
दर हंगामात, न पेरता.

स्टोन्स : खातेदार हयात.
हयात माणसाची वारस नोंद होत नाही. अर्ज निकाली.
रुबाब म्हणतो, ऐंशीचा माणूस अजून स्टेजवर पळू राहिला भो,
हे कमी आहे का?
कमी नाही. फाईल वेगळी.

फ्लॉइड : पहिला खातेदार परागंदा.
मागे राहिलेल्यांचा बांधावरून वाद,
कोर्टाची पायरीही चढून झाली,
आणि प्रत्येक चांगल्या पिकात
त्या परागंदाचंच बियाणं.

झेपेलिन : ड्रमवाला गेला, त्यांनी खातं बंद केलं.
मला हा फार सभ्यपणा वाटतो.
आमच्याकडे तेराव्याच्या आत अर्ज यायचे.

रुबाब सगळं ऐकून घेतो.
मग बनियनला हात पुसून ब्लॅक सबाथ लावतो.
"तू साहेबलोकांचं सांगू राहिला आप्पा.
हे बर्मिंगहॅमचे, कारखान्यातले.
गिटारवाल्याच्या दोन बोटांची टोकं मशीननं खाल्ली.
त्यानं प्लास्टिक वितळवून टोपणं केली,
तारा ढिल्या सोडल्या,
आणि त्या ढिल्या तारेतून जे निघालं
त्याच्यावर आज किती पोरं पोट भरू राहिली.
याला कोणता रकाना?"

सातबाऱ्याला तसा रकाना नाही.
हे मी लेखी द्यायला तयार आहे.

मग तो तिथे येतो, जिथे दर वेळी येतो :
हे कोणीच मूळ मालक नाहीत ना?
गाणं मिसिसिपीकडचं, कापूस वेचणाऱ्यांचं.
आधी ज्यांनी गायलं त्यांची नावं कुठे?
"इतर हक्कात," मी म्हणतो.
"काहींची. उशिरा. पेन्सिलीनं."

तो हसत नाही.
त्याच्या आजाची साडेतीन एकर होती, पालच्या रस्त्याला.
अठ्ठावन्नच्या फेरफारात ती दुसऱ्याची झाली.
मी तेव्हा चार वर्षांचा.
पण ते पान मी पाहिलंय, पंच्याण्णव साली,
आणि गठ्ठा होता तसा बांधून ठेवला.
रुबाबला हे ठाऊक आहे का, मला ठाऊक नाही.
चहात साखर जास्त झाली, म्हणतो.

रात्री शेजारी झोपले की नातवाचा हेडफोन.
एकच आहे, आळीपाळीने लावतो.
माझी पाळी म्हणून मी बीटल्सची जुनी स्टिरिओ रेकॉर्ड काढली,
तिच्यात वाद्यं सगळी डाव्या बाजूला,
गळे सगळे उजव्या.
रुबाबनं डोळे मिटले.
"हे नुसतं गाऊच राहिले. वाजवत कोणी नाही?"
मी हेडफोन उचलून उलटा घातला.
तो एकदम ताठ बसला,
बोट मांडीवर ठेका शोधू लागलं.

"आता गाणारे कुठे गेले?"
"दुसऱ्या बाजूला," मी म्हणालो, जरा मोठ्यानं.
त्यानं मान हलवली,
आणि हेडफोन दोन्ही हातांनी धरून
सरळ, उलटा, सरळ,
पुन्हा उलटा करत राहिला.