शनिवारच्या बैठकीचं इतिवृत्त

वडगावात, मंगाईच्या देवळामागं,
विणकर सोसायटीच्या माडीवर आमची भिशी भरते.
खाली माग चालू असतात,
म्हणून प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागतं.
दुसऱ्या वेळी माणूस जरा जपून बोलतो.

मी अध्यक्ष. पत्र्याचा डबा माझ्याकडं, वहीही माझ्याकडं.
पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात नियम:
कुणी कुणाला अरे-तुरे करायचं नाही.
जो स्वतःला जे म्हणवून घेतो, तेच आपण म्हणायचं.
चुकल्यास अकरा रुपये.

दुसरी ओळ शांतव्वांसाठी लिहिली.
सौंदत्तीला मोती बांधून घेतले, त्याला वीस वर्षं झाली,
तरी हलगेकरांचा प्रसाद म्हणाला,
"तो हप्ता देणार काय आज?"
शांतव्वांनी पदर सारखा केला,
नोटा मोजून सतरंजीवर ठेवल्या
आणि जिन्याकडं बघत बसल्या.
मी प्रसादला उभं केलं.
"त्या" म्हणायचं. मोठ्यानं. परत एकदा.
अकरा रुपये डब्यात वाजले.
मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मराठीचं असंच आहे.
माणूस उंबऱ्यावर असतो तोवरच क्रियापद विचारतं:
आला, की आली?
आम्ही बेळगावच्या बायका त्याला दाद देत नाही.
आम्ही येतो, जेवतो, दमलो म्हणतो,
आई म्हणायची, तिची आई म्हणायची.
पुण्याला डीएडला होतो तेव्हा
मॅडमनी फळ्यापुढं उभं करून
"आले" म्हणून घेतलं माझ्याकडून.
मोठ्यानं. परत एकदा.
वर्ग हसला.
तेव्हापासून मिरजेच्या पुढं मी आले,
आणि गाडी घटप्रभा ओलांडून माघारी आली, की मी आलो.

हे मला त्या शनिवारी आठवलं नाही.
पुढच्या आठवलं.

पुढच्या शनिवारी फकिरप्पानं विचारलं,
दंडाच्या पैशाचं काय होतं?
साधा प्रश्न. दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता.
आणि मी म्हटलं, "ए, तू गप बस."

नेमकी लाईट गेली होती.
माग थांबलेले.
दुसऱ्यांदा बोलायची गरजच पडली नाही.

कुणी डब्याकडं बघितलं नाही.
प्रसाद मोबाईलवर काहीतरी पुसत बसला.
मी वही उघडली, नुसती उघडायची म्हणून,
आणि हजेरीत माझंच अक्षर दिसलं:
सगळ्यांच्या आधी श्री., सौ., श्रीमती,
आणि शेवटी, फकिरप्पा मागावरचा.

हा माणूस पहिल्या दिवसापासून
शांतव्वांना "अवरु" म्हणत आला.
कानडीत तो एकच शब्द, बाईला तोच, बाप्यालाही तोच,
आत मान तेवढा भरलेला.
त्याच्यासाठी कुणी नियम लिहिला नव्हता,
कुणी त्याला उभं केलं नव्हतं.

शांतव्वा बोलल्या, आवाज न चढवता,
"त्यांनी विचारलंय की ओ, अध्यक्ष."

मी पर्स उघडली. सुटे नव्हते.
वीसची नोट डब्यात टाकली.
फकिरप्पा उठले, खिशातून नाणी काढली,
अंधारात बोटांनी चाचपून मोजली
आणि माझ्यापुढं ठेवली.
"नऊ परत घ्या. नियम अकराचा आहे."

मग मेणबत्तीवर हिशेब झाला.
एकशे त्रेचाळीस.
एकशे बत्तीस तुमचे, अकरा माझे.
मी त्यांना आडनाव विचारलं, सहा वर्षांनी,
आणि लिहिलं:
श्री. फकिरप्पा हुक्केरी यांनी हिशेब मागितला.
अध्यक्षांनी दिला.

त्याखाली एक ओळ राहिली होती.
ती लिहायच्या आधी तोंडानं म्हणावी म्हटलं.
तेवढ्यात लाईट आली, खाली माग सुरू झाले,
आणि मला ते दोनदा म्हणावं लागलं:
चुकलो ओ.
मी चुकलो.
कुणी हसलं नाही.