क्लॅम्प सुटण्याआधी

तार्तूत जानेवारीत नऊला उजाडतं,
आणि येवस्ताफी लुकिच आठालाच टेबलावर.
पेइपसी तळ्याकाठचा माणूस. उन्हाळ्यात कांदे,
हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासे.
दाढीला हात लावायचा नाही, त्यानं बजावलं होतं,
छाती काय ती उघडा,
दाढी मात्र वर जशीच्या तशी न्यायची आहे.
मग मास्क दाढीवरच दाबला मी,
हवा निसटत राहिली दोन्ही गालांवरून.
त्याला एस्तोनियन तोडकं येतं,
माझी रशियन शाळेतली, गंजलेली.
"श्वास," म्हटलं. एवढा शब्द पुरला.
सहाव्या श्वासाला तो गेला.

कुठे, ते मला तेवीस वर्षांत कळलेलं नाही.

पिवळ्या खुणेचं सेवोफ्लुरेन. डायल दोनवर.
लोक समजतात मी झोपवते.
झोपवतेच, पण त्याच वाफेतून
हृदयाला एक चटका देऊन ठेवते,
इतका बारीक की चटका म्हणायला जीभ धजत नाही.
दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात,
तशा त्या पेशी, त्यांच्या पोटातल्या चिमुकल्या भट्ट्या
आधीच एक दार किलकिलं करून ठेवतात,
दुसरं आतून लावून घेतात.
असं म्हणतात, निदान.

मग थंड पोटॅशियम. पडद्यावर सरळ रेघ.
महाधमनीवर क्लॅम्प.
पंपापाशी राइवो मिनिटं सांगतो.
तीस. पन्नास.
सर्जन टाके घालते आहे, मान वर न करता.

सगळ्यांना वाटतं, धोका या उपासात आहे.
आहेच.
पण रक्त परततं तेव्हाचा धोका निराळा,
तो मदतीचा चेहरा घेऊन येतो.

लेइडामावशी छप्पन्न साली सायबेरियातून परतली
तेव्हा अख्खं गाव अंगणात.
कुणी साय आणली, कुणी डुकराचं खारं मांस,
सगळ्यांना तिला एकदमच मिठी मारायची होती.
संध्याकाळी ती कोठारामागे ओकत होती, रडत होती,
रडणं थांबवता येत नव्हतं तिला.
आई सांगायची, सात वर्षांच्या भुकेनं मेली नाही,
आम्ही तिला एका दुपारीत मारली असती.
मग आईनं पडदे ओढले,
जवाच्या पेजेचा एक चमचा दिला.
थांबली.
मग दुसरा.

मी खरं शिकले ते बहुधा एवढंच,
बाकीचं वाचलं.
उंदरांत, सशांत या वाफेनं
हृदयाचा मेलेला तुकडा लहान होतो, डोळ्यांनी दिसतो.
माणसांत? मोठाल्या चाचण्या झाल्या,
कुणी म्हणालं हो, कुणी म्हणालं फरकच नाही.
भांडण मिटलेलं नाही.
तोवर मी डायल फिरवते,
मावशीच्या नावानं म्हणा हवं तर.

"चौऱ्याहत्तर," राइवो म्हणतो.
क्लॅम्प निघतो.
दाब कमी ठेव, मी सांगते, हळू, हळू रे.
हृदय आधी नुसतं थरथरतं,
बर्फावर टाकलेल्या माशासारखं, वेडंवाकडं.
सर्जन माझ्याकडे बघते. शॉक?
थांबू या, मी म्हणते. जरा थांबू या.

एक ठोका.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग दुसरा.

बाहेर उजाडून मावळतीलाही लागलं असेल,
या खोलीला खिडकी नाही.
दाढीत चिकटपट्टीचा तुकडा अडकलाय,
ओढला तर केस येतील, दोनचार तरी.
शुद्धीवर आला की शिव्या देईल.
देवो.