अल्ल

तीन दिवस झाले, टर्पेंटाइनचा वास येत नाही.
पाट्या रंगवणाऱ्याला बरंच हे,
खरं परवा चुलीवर दूध करपलं
आणि ते मला गल्लीतल्या पोरांनी सांगितलं.

वनमाला निपाणीला, भावाच्या वास्तुशांतीला.
फोनवर म्हणाली, काढा करून घ्या, सोपा असतोय.
सोपा म्हणजे कसा, ते सांगता सांगता
तिला कुणीतरी पंगतीला हाक मारली.

मग स्टुलावर चढून डबे काढले.
त्यांवरची अक्षरं माझ्याच हातची:
जिरे, लवंग, ओवा,
खाली तेच कानडीत, गोल गोल.
एकदा ब्रश ओला झाला की दोन्ही करून टाकतो.
वडगावात धंद्याची सवय आहे ती.
कानडी मला वळणानं येते.
अर्थानं, बाजारापुरती:
एष्टु, बेकु, बेड,
आणि अल्ल म्हणजे नव्हे.

शिंका मोजत निंगव्वा आली असणार.
तिचं मिरचीचं कांडप भिंतीला लागून.
ब्याडगीच्या हंगामात आख्खी गल्ली शिंकते,
ती सोडून.
नेगडी? म्हणाली.
पडसं, म्हणालो मी.
तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं, मान हलवली:
अल्ल.

मी लवंगा चमच्यानं बाहेर काढल्या.
मिरी दाखवली. अल्ल.
गुळाचा खडा. अल्ल.
हळदीच्या डब्याला नुसता हात लावला, तर
अल्ल, अल्ल, जरा मोठ्यानं,
बहिऱ्याला सांगावं तसं.
वनमालानं सणासाठी लपवलेली दालचिनी
तीही ओशाळून माघारी गेली.
पातेल्यात उरलं नुसतं पाणी,
उकळत,
कुणाचं काही न घेतलेलं.
वैतागून म्हणालो, अगं मग हाय तरी काय?

निंगव्वा कपाळाला हात लावून गेली
आणि आली ती मुठीत गड्डा घेऊन,
मातीसकट, सुजल्या बोटांचा.
अल्ल!
माझ्या नाकासमोर धरला तिनं,
जिथं सध्या काहीच पोचत नव्हतं.

आलं.

तिच्या जिभेवर आलं आणि नव्हे
एकाच शब्दात राहतात
हे तेवीस वर्षं पाट्या रंगवून मला ठाऊक नव्हतं.
आल्याला डबा नसतो.
लेबल रंगवायची वेळ आलीच नाही.

कांडपवालीचा हात. दोन घावात गड्डा मऊ.
मग नाकारलेलं सगळं एकेक करून परत बोलावलं:
मिरी, लवंगा, गूळ, चिमूट हळद,
आणि परसातला पानओवा, जो तिनं
माझ्याच ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यात लावलाय.
दोन बोटं दाखवली, मग एक मिटली:
दोन पेल्यांचं एक होईपर्यंत.
दालचिनी मात्र तिनंच परत ठेवली,
बायकांचं बायकांना कळतं.

काढा तिखट होता की गोड,
मला विचारू नका. गरम होता.
वाफेला बसलो डोक्यावरून टॉवेल घेऊन,
कामाचाच टॉवेल, दुसरा सापडला नाही.
बराच वेळ नुसता अंधार आणि माझाच घोरल्यासारखा श्वास.
पलीकडं यंत्रमाग, खट खट,
निंगव्वा उंबऱ्यावर बसून कुणाशी तरी भांडतेय.
मग डावी नाकपुडी,
गंजलेली कडी निघावी तशी,
थोडी.

पहिला वास आल्याचा नव्हता.
टर्पेंटाइन.
टॉवेलाच्या कोपऱ्यातलं, जुनं, ओळखीचं.
मग परवाचं करपलेलं दूध.
मग उंबऱ्यावरून तिच्या लुगड्यातली मिरची,
आणि मी अशी शिंक दिली
की भांडण मधेच थांबलं.

रात्री वनमालाचा फोन.
केला काय काढा?
केला.
सोपा हाय न्हवं?
मी म्हणालो, अल्ल.
ती जरा वेळ गप्प.
मग म्हणाली, ते तर घालायलाच पायजे की.