खुमारी टोल, रात्री नऊ चौदा

गाडी विकून दहा महिने झाले
तरी ती मला कळवत असते, कुठे आहे ते.
खुमारी टोल, रात्री नऊ चौदा.
खवासा, नऊ पन्नास.
काचेवरचा फास्टॅग काढायचा राहून गेला,
आणि पहिल्यांदाच एकट्याने प्रवासाला निघालेल्या पोरीसारखी
ती दर नाक्यावरून निरोप धाडते –
पोचले. पैसे कापले. पोचले.

व्यवहार झाला कोर्टासमोर, कडुनिंबाखाली.
मे महिना. टायपिस्टने ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळलेला,
पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर एका दमात बडवलं त्याने:
‘आजपासून सदर वाहनाच्या सर्व बऱ्यावाईटास
लिहून घेणार जबाबदार राहील.’
डुलीचंद पटले, राहणार शिवनी, यांनी सही केली
सावकाश, हिंदीत,
सगळ्या अक्षरांना एकच लांब टोपी घालून.
मग आम्ही तर्री-पोहे खाल्ले.
पैसे त्यानेच दिले.

आरसीवर बँकेचं नाव होतं,
बारीक, कॉलरच्या आत शिवलेल्या लेबलसारखं.
“हे काय आहे जी?”
“काही नाही हो, सातेक हप्ते राहिले.
भरून टाका, एनओसी आली का नावावर करून देतो.”

राहिले होते एकतीस.

मला वाटलं होतं जीभ अडखळेल.
नाही अडखळली.

सात हप्ते पटलेने भरले, दर पाच तारखेला,
पावतीचा फोटो मला पाठवून, खाली हात जोडलेले.
आठव्या महिन्यात तो बँकेत गेला
संत्रा बर्फीचा डबा घेऊन.
काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन त्याच्याकडे वळवली.
चोवीस.
डबा त्याने तिथेच ठेवला का परत नेला,
हे मला अजून कोणी सांगितलं नाही.

रंगारी मॅडम फाईल वाचताना पेन्सिलीने कान खाजवतात.
“गाडी तारण होती, मोटघरे. तुम्ही नुसते चालवत होते.
बँकेला न विचारता विकली, तो विश्वासघात लावतील.
एकतीसचे सात केले, ते फसवणुकीत जाईल.
आधी चारशे वीस होतं, आता तीनशे अठरा.
आकडा तेवढा उतरला.”
“अन् तो स्टॅम्पपेपर?”
“त्याच्यावर पोहे खा.”

त्यांच्या टेबलावर आणखी एक पाकीट आहे.
मनसर फाट्यावर, दिवाळीच्या आसपास,
धनराज उईके, वय त्रेपन्न, सायकलवरून जात असताना.
उजवा पाय, दोन ठिकाणी.
विमा पावसाळ्यातच संपलेला.
‘वाहनमालक’ या शब्दापुढे माझं नाव आहे,
वडिलांच्या नावासकट, पिनकोडसकट.
गाडी कधी पूर्ण माझी झाली नाही.
पाय मात्र पूर्ण माझा.
उईकेंना मी पाहिलेलं नाही.
सायकल दिसली की उगाच उजवीकडचं पेडल बघतो.

काल वसुलीची दोन पोरं आली, मानेवर टॅटू,
चपला मात्र दाराबाहेर काढून.
“काकाजी, गाडी कुठं आहे सांगून द्या ना,
उचलून घेतो, तुमचीही कटकट जाईल.”
खिशात फोन थरथरला.
मी म्हणालो, माहीत नाही.

हे का केलं, ते मॅडमनाही सांगितलं नाही.
आज सकाळी दुसराच मेसेज –
शिल्लक कमी आहे.
मॅडम म्हणाल्या होत्या, खातं बंद करू नका, पुरावा आहे.
म्हणून दोनशे टाकले, असं मी निरूपाला सांगितलं.
ती कणीक मळत होती.
“टोलचे?” ती म्हणाली.
“आपल्याकडे गाडी कुठाय?”

रात्री नऊ वाजता मी गॅलरीत जाऊन उभा राहतो.
चौदा मिनिटं.
आज पंधरा झाली.