दोन बारांच्या मधात

होमराज सांगत होता तिकडून,
मोबाइल गाडीच्या टपावर टेकवून, काचेवरचा बर्फ खरडता खरडता:
बाई, इथल्या सरकारनं यादी काढली.
आपसूक भरणाऱ्या बंदुका बंद.
माझी गेली त्याच्यात.
आता बोल्टवाली घेतली, हरणासाठी.
दर बाराला हातानं ओढा लागते,
वर, मागं, पुढं, खाली.
हातमोजा घालून हवेतच करून दाखवलं त्यानं,
जसं कोणी रात्री दाराची कडी लावते,
उघडते,
पुन्हा लावते.
चिडला होता.

मी म्हटलं, मंग आता बाबासारखा झाला तू.
तो हासला नाही.

बाबाची एकनळी सध्या खुंटीवर नाही.
निवडणूक लागली की ठाण्यात जमा करा लागते.
खुंटीवर मायची छत्री आहे,
पावती पिठाच्या डब्याखाली.
परवाना माझ्या नावानं झाला औंदा:
अनुसया दसरू नन्नावरे,
पीक संरक्षण, काडतुसं पंचवीस.
बाबूनं नाव दोनदा वाचलं,
मंग बांगड्यांकडे पाहिलं.
चालवता येते का?
मी म्हटलं, शिलाई मशीन येते,
तेबी हातानंच फिरवतो आम्ही.

तिची कळ दाबली की ती कमरेत मोडते.
नळी खाली लवते, रिकामं काडतूस काढा,
दुसरं घाला, मिटवा, घोडा ओढा.
बाबा याला पाच कामं म्हणे.
पाच कामं, आणि मंग एक आवाज.

कार्तिकातली रात होती.
धान पिवळं झालेलं, बांधीत कंबरभर.
मी बारा वर्षांची, माळ्यावर,
बॅटरी धरायला.
होमराज घरी झोपला होता, मायजवळ.
धुऱ्याकडनं खसखस आली.
आदल्या रातीच डुकरांनी अर्धी बांधी लोळवली होती,
तिकडूनच.
बाबानं पहिला बार वर केला, चांदण्यांत.
खसखस थांबली. पण पळाली नाही.
पळते ते डुक्कर, बाबा म्हणे,
थांबते ते मोठं डुक्कर.
बॅटरी मार, म्हणाला.
बॅटरीचे सेल उतरले होते,
उजेड पोचला तो नुसता धानाच्या लोंबांवर.

आणि काडतूस निघेना.
कागदाचं होतं, दवानं फुगलेलं.
बाबानं नखानं ओढलं, दातानं ओढलं,
बनवणाऱ्याच्या खानदानाला एक शिवी दिली,
मंग माझ्या केसातली पिन मागितली.
मी पिन काढत होतो,
तेवढ्यात धान खोकललं.

माणसासारखं खोकललं.
बारीक, दाबून,
जसं कोणी पदर तोंडात धरून खोकलते.

वच्छलाकाकू होती. खेकडे धरायला आली होती,
आमच्याच धुऱ्यावर, चोरून.
बाराच्या आवाजानं खाली बसली
ते तिथंच बसून राहिली,
टोपलीवर हात ठेवून.

बाबा कितीतरी वेळ काही बोलला नाही.
पिन त्याच्या हातात.
मंग त्यानं नळी तशीच मोडलेली ठेवली मांडीवर,
आणि ओरडला, जा वं घरी, थंडी पडली.

दुसऱ्या दिवशी खेकड्याच्या रस्स्याची वाटी आली,
तिच्या पोराच्या हातानं, झाकून.
बाबानं भाकर चुरली त्यात. सगळी खाल्ली.
कोणी कोणाला काही म्हटलं नाही.
मलाही कोणी सांगितलं नाही की सांगू नको.

होमराजला हे ठाऊक नाही.
तो म्हणत होता, ओढता ओढता
दुसऱ्या बारापर्यंत हरीण निघून जाते ना, बाई.
मी म्हटलं, जाऊ दे.
तो म्हणाला, तुला नाही समजत त्यातलं.
मंग त्याच्याकडचं चित्र अडकलं,
खरडणीवर, अर्ध्या पुसलेल्या काचेवर.

मतमोजणी सोमवारी आहे.
त्याच्यानंतर बंदूक आणीन, पोत्यात गुंडाळून, एसटीनं.
तोवर धान पोटरीत येईल.

वच्छलाकाकू गिरणीत भेटते अजून.
पीठ उडलं की खोकलते.
माझं दळण झालेलं असते, डबा भरलेला असते,
तरी मी थांबतो जराशी.