एका बिलावर दोनच

मंगळवारी दुपारी अडीचला
रिंग रोडवरच्या त्या स्वस्त दुकानात गर्दी कमी असते.
हे कळायला मला आठ महिने लागले.
आता बरंच कळतं.
तूरडाळ खालच्या फळीवरची घ्यायची,
डोळ्यांच्या उंचीवर असते ती डाळ नव्हे, नुसती पिशवी.
एकावर एक फुकट मधला दुसरा साबण
पहिल्याच्या किमतीत आधीच विरघळलेला असतो.
पोह्यांचं पाकीट कानाशी हलवायचं,
तळाशी भुगा वाजला की परत ठेवायचं.
मुळात पोहे पाकिटातले आणतो, हे इंदुरात
मोठ्यानं बोलायचं नाही.

बिलाच्या शेवटी छापून येतं :
आज आपली बचत तीनशे बारा रुपये.
हे ती ओळ कात्रीनं कापून
बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवतात.
मार्चमध्ये बेरीज केली. चार हजार एकशे चाळीस.
"कुठे आहेत?" मी विचारलं.
यांनी डबा उलटा केला.
चिठ्ठ्याच पडल्या,
निम्म्यांवरची शाई उडालेली.

आमच्या कोपऱ्यावर झमकलालजी पोरवालांचं दुकान.
त्यांच्या लाल वहीत मला नाव नाही,
'सत्ताईस नंबर, मराठी भाभी' एवढंच.
एकोणीस वर्षं.
यांचा पगार पाच महिने अडकला होता
तेव्हा झमकलालजींनी विचारलं काही नाही,
नुसतं पान उलटत राहिले.
म्हणून हल्ली रिक्षा मी मागच्या गल्लीत थांबवते.
पिशव्या उलट्या करून भरते, छापील नाव आत,
आणि माझ्याच घरात
चोरासारखी मागच्या दारानं शिरते
दहा किलो कणीक घेऊन.

राखीच्या आधीचा मंगळवार.
साखर अडतीस रुपये, वर पाटी : एका बिलावर दोनच.
चार नंबरच्या रांगेत, माझ्या पुढे,
झमकलालजी.
त्यांना अख्खे उभे असलेले मी पहिल्यांदाच पाहिले.
काउंटरमागे माणूस अर्धाच असतो.
पायजमा आखूड होता. चपलेचा अंगठा शिवलेला.
गाडीत साखरेची दोन पाकिटं, तेलाच्या पिशव्या,
आणि तो साबण, एकावर एक.

मी पिशवी उलटी करायला गेले,
पण ती अजून रिकामीच होती.
त्यांनी मला, मी त्यांना,
इथे कसे, असं विचारलं नाही.
मग ते वाकून हळूच म्हणाले,
"भाभीजी, आपके बिल पे दो शक्कर ले लो ना.
सियागंज से भी तीन रुपये सस्ती पड़ रही है."

घेतली.
बिलाच्या मुलीनं निळ्या पेननं
एकेका पाकिटावर टिक केली.
बाहेर स्कूटरच्या सावलीत
त्यांनी शहात्तर रुपये मोजून दिले,
शेवटचा रुपया खिशाच्या शिवणीतून काढून.
माझ्या पिशव्या त्यांनी विचारता स्कूटरच्या पायाशी ठेवल्या
आणि मी मागे रिक्षानं आले,
पुढच्या रस्त्यानं.

रविवारी जाऊबाई आल्या अचानक, चौघांना घेऊन.
डब्यात साखर दोन चमचे.
मंगळवारी मी स्वतःसाठी घेतलीच नव्हती,
दोनची मर्यादा त्यांच्यातच संपली होती.
चप्पल घालून कोपऱ्यावर गेले.
झमकलालजी पुन्हा अर्धे झाले होते, गल्ल्यामागे.
खालून एक पाकीट काढलं, ब्लेडनं कापलं,
तराजूत ओतलं.
कापलेल्या कोपऱ्यावर निळी टिक.
मी पाहिली. मी पाहिल्याचं त्यांनी पाहिलं.

"तैंतालीस," ते म्हणाले.
पाच रुपये जास्त.
घरी जाऊन हे कोणत्या डब्यात ठेवायचे
ते मला सुचेना.
त्यांनी लाल वही ओढली, सत्ताविसावं पान
आठ महिन्यांनी सापडायला जरा वेळ लागला.
"लिख दूँ?"
"लिहा," मी म्हटलं, मराठीतच.
त्यांना कळतं.