पालथी वाटी

फासा खाटेवरून घरंगळला तर धरायचा नाही.
वीस बाजूंचा एकच आहे, नागपूरहून मागवलेला.
मागं तो सरकीच्या पोत्यांमागं गेला
तेव्हा राक्षस आठ दिवस तिथंच उभा होता,
तोंड उघडं ठेवून,
आर्वी रोडच्या जिनिंगच्या काटाघरात.

थ्री फेज आली की निकेश मोटर टाकायला जातो.
तो येईस्तोवर त्याचा योद्धा झोपलेला.
झोपलेल्याला मारायचं नाही, त्याची पोतडी उचकायची नाही.
हुमेरानं एकदा उचकली.
आत त्यानं सोनपापडी लिहून ठेवली होती.

आपल्या माणसाचं मरण आपणच सांगायचं.
तेवढ्या वेळात कोणी खर्रा थुंकायला उठायचं नाही.

"तू अशी कर" म्हणायचं नाही.
तिची तलवार, तिचा हात, तिची चूक.

आणि मधोमध स्टीलची वाटी.
कोणीही पालथी घातली की गोष्ट थांबते.
काऊन, विचाराचं नाई.

हा नियम कधी लागलाच नव्हता.
परवा मी नकाशात विहीर काढली,
पायऱ्या मोजत खाली नेत होतो सगळ्यांना,
शालिकनं वाटी पालथी घातली.

खोडरबर सापडेना.
हुमेरानं बोट ओलं करून विहीर चोळली, कागद फाटला.
म्हटलं, बरं, इथं मैदान आहे.
"गवत आहे का बे?" निकेशनं विचारलं.
आहे. कमरेइतकं.

बऱ्याच वेळानं शालिकनं वाटी सरळ केली,
फासा टाकला.
चार.
चारवर साप निघतो.
निघाला.